रॅम्पला परवानगी, छपराला नकार

आमच्या सोसायटीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नव्हता. चार वर्षांपूर्वी आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाबांनी कमिटीकडे अर्ज दिला की आमच्या खर्चाने स्टीलचा कठडा बसवतो. सेक्रेटरी काका तसे आमच्याकडे चहाला येणारे. पण उत्तर आलं ते लेखी: इमारतीच्या दर्शनी भागात बदल करता येणार नाही. कठडा शेवटी बसला, सात महिन्यांनी. त्या सात महिन्यांत आजी एकदाही देवळात गेली नाही.

मी तेव्हा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून नुकतीच पीएचडीला लागले होते. विषय घरातल्या उष्णतेचा. लिटरेचर रिव्ह्यू करताना एक गोष्ट सारखी खटकायची. बहुतेक पेपरांच्या शेवटी सल्ला असतो: छप्पर पांढरं करा, खिडकीवर सावली करा, थंडाव्याचं यंत्र बसवा. हे सगळं करायला परवानगी कोण देणार, याबद्दल एक ओळ नसते. मी हे गाईडना सांगितलं, तर त्यांनी उलटा प्रश्न टाकला, "मनाईचा नियम कोणी लिहिला, कधी लिहिला, आणि कशाला घाबरून लिहिला?" आपण सायन्सवाले असा प्रश्न विचारत नाही. आपल्याला नियम हा पावसासारखा वाटतो, तो असतोच. त्या प्रश्नामागे जाता जाता मी अमेरिकेच्या इतिहासात पोहोचले. आज त्यातलाच एक तुकडा तुमच्यापुढे ठेवते. पेटची तयारी करणाऱ्यांना आणि सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांना त्याचा पद्धत म्हणूनही उपयोग होईल.

अमेरिकाच का? कारण तिथे घरांवरच्या अटी जमिनीच्या दस्तऐवजातच लिहिलेल्या असतात, आणि ते दस्तऐवज काउंटीच्या कार्यालयात नोंदवलेले असतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या वस्तीत कुंपण किती उंच असावं, हे तुम्ही आज वाचू शकता. या अटींना 'कव्हेनंट' म्हणतात. ही अट माणसाला नाही, जमिनीला चिकटलेली असते. घर विकलं तरी ती पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते. अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला घरमालकांची संघटना असते, 'होमओनर्स असोसिएशन'. घर घेतलं की सभासदत्व आपोआप येतं, नको म्हणायची सोय नसते. तिचं मंडळ शेजाऱ्यांचंच, बहुतेकदा बिनपगारी काम करणाऱ्यांचं.

या अटी वाढल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन-तीन दशकांत. कॅन्सस सिटीचा बिल्डर जे. सी. निकोल्स याने आपल्या 'कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट'मध्ये त्यांना पक्कं रूप दिलं. त्याची युक्ती साधी होती. अटींची मुदत संपत आली की त्यांचं आपोआप नूतनीकरण व्हायचं. नको असतील, तर बहुसंख्य मालकांनी मुदतीआधीच एकत्र येऊन तसं ठरवायचं. आता तुम्हीच सांगा, शेकडो घरमालक अशा कामासाठी वेळेत कधी एकत्र येतात? ज्या यंत्रणेत काहीच न करणं म्हणजे 'होय', ती यंत्रणा फार वर्षं टिकते.

आता १९२६ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे दोन खटले होते. मे महिन्यात 'कॉरिगन विरुद्ध बकली'. वॉशिंग्टनमधल्या काही घरमालकांनी आपापसांत करार केला होता की आपली घरं कृष्णवर्णीयांना विकायची नाहीत. हा खाजगी करार आहे, यात घटनेचा प्रश्न येत नाही, असं म्हणून कोर्टाने हात झटकले. नोव्हेंबरमध्ये 'युक्लिड विरुद्ध ॲम्बलर रिअल्टी'. ओहायोमधल्या युक्लिड गावाने कुठे बंगले, कुठे इमारती, कुठे कारखाने हे आखून दिलं होतं, आणि कोर्टाने ते मान्य केलं. न्यायमूर्ती सदरलँड यांच्या निकालात एक आधार आरोग्याचा आहे: बंगल्यांच्या भागात मोठ्या इमारती आल्या की हवा अडते, ऊन अडतं, गर्दी आणि धोका वाढतो. अपार्टमेंटसाठी त्यांनी 'परजीवी' असा शब्द वापरला आहे.

इथे जरा थांबा. घर कसं असावं यावर बंधन घालण्याचं मोठं समर्थन आरोग्य हेच होतं. क्षयाचा काळ होता, कोंदट खोल्यांची भीती खरी होती. पण त्याच भीतीच्या आडून 'आपल्यासारखे नसलेले' लोक बाहेर ठेवता येत होते. पुढे नव्वद वर्षं जे भांडण चाललं, त्यात आरोग्य दुसऱ्या बाजूला गेलं. आता आरोग्यासाठी घर बदलू द्या असं रहिवासी म्हणतो, आणि नियम आड येतो.

वंशाच्या अटींचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. १९४८ मध्ये 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. अट लिहिणंच बेकायदा ठरायला मात्र १९६८ उजाडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलची, आणि फेअर हाउसिंग ॲक्टवर सही झाली ११ एप्रिलला. या कायद्यात वंश, रंग, धर्म, मूळ देश हे आधार होते. लिंग १९७४ मध्ये आलं. अपंगत्व १९६८ च्या कायद्यात नव्हतंच.

दरम्यान संघटनांची संख्या फुगत होती. १९६४ मध्ये अर्बन लँड इन्स्टिट्यूटने अशा संघटना कशा काढाव्यात याची एक जाडजूड पुस्तिका छापली. केंद्राच्या गृहकर्ज विमा खात्यानेही त्यांना प्रोत्साहन दिलं. नगरपालिकांना हे आवडण्यासारखंच होतं, रस्ता आणि बाग रहिवासीच सांभाळणार! संघटनांच्या राष्ट्रीय संस्थेचा अंदाज असा की १९७० च्या सुमारास देशभर दहा हजार संघटना होत्या, आज साडेतीन लाखांहून जास्त आहेत. घराचा रंग, छपराचा प्रकार, खिडकीत काय दिसावं, सगळं लेखी.

मंडळातली माणसं दुष्ट असतात असं समजू नका. मीही आधी तेच समजत होते, कारण डोक्यात आमची कमिटी होती. तिथल्या मंडळाच्या हट्टामागे एक कायदेशीर भीती आहे. अट सगळ्यांवर सारखी लावली नाही, दोघा-चौघांना सूट दिली, तर पुढे कोर्ट म्हणू शकतं की ही अट तुम्हीच सोडून दिलीत, आता ती कोणावरच लावता येणार नाही. म्हणजे एकाच्या रॅम्पला 'हो' म्हटलं तर उद्या दुसऱ्याच्या शेडला 'नाही' कसं म्हणायचं? शिवाय अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्या घरातच अडकलेली. त्यामुळे दया दाखवणं हे त्यांना नियमाला भोक पाडण्यासारखं वाटतं. वरून कायदा येऊन 'हा अपवाद तुम्ही केलाच पाहिजे' असं म्हणतो, तेव्हा काही मंडळांना हायसं वाटत असेल, असा माझा तर्क आहे.

तो अपवाद आला १९८८ मध्ये. त्याआधी १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ होतं. त्याचे नियम निघावेत म्हणून १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग कार्यकर्ते तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या देऊन बसले होते. पण ते कलम केंद्राचा पैसा जिथे लागतो तिथेच लागू होतं. खाजगी घरं, खाजगी संघटना त्याच्या बाहेर. १३ सप्टेंबर १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी फेअर हाउसिंग कायद्यातल्या दुरुस्तीवर सही केली आणि अपंगत्व हा आधार त्यात आला. अंमल मार्च १९८९ पासून.

आता या दुरुस्तीची भाषा नीट बघा, कारण सगळा इतिहास त्या भाषेत आहे. कायद्यात दोन शब्द शेजारी शेजारी येतात. एक 'मॉडिफिकेशन', म्हणजे बांधकामात बदल: रॅम्प, रुंद दार, न्हाणीघरात धरायचा दांडा. दुसरा 'अकोमोडेशन', म्हणजे नियमात सवलत: दाराजवळची पार्किंगची जागा राखून ठेवणं वगैरे. दोन्ही नाकारणं हा भेदभाव. पण पहिल्या शब्दाला एक शेपूट जोडलेलं आहे: अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या खर्चाने. कलम ५०४ खाली असाच बदल साधारणपणे घर पुरवणाऱ्याने आपल्या खर्चाने करायचा असतो. म्हणजे एकाच देशात, एकाच प्रकारच्या रॅम्पचं बिल इमारतीला कोणाचा पैसा लागला यावर ठरतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे शेपूट माझ्या नजरेतून निसटलं होतं. गाईडनी पेन्सिलने खूण केली, मग दिसलं.

नव्या इमारतींसाठी त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे, ती मला फार आवडते. मार्च १९९१ नंतर वापरात येणाऱ्या, चार किंवा जास्त घरांच्या इमारतींमध्ये न्हाणीघराच्या भिंती आतून आधीच भक्कम करून ठेवायच्या. दांडा बसवायचा नाही, फक्त भिंत तयार ठेवायची. ज्याला लागेल तो बसवेल. आज धडधाकट असलेला रहिवासी उद्या म्हातारा होणार आहे, हे गृहीत धरून लिहिलेला नियम इतका साधा असू शकतो.

कायदा झाला तरी वाद थांबले नाहीत, कारण 'वाजवी' म्हणजे काय हे कोण सांगणार? ५ मार्च २००८ रोजी केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने आणि न्याय खात्याने मिळून प्रश्नोत्तरांचं एक निवेदन काढलं. तुम्ही धोरणाच्या इतिहासावर काम करणार असाल तर अशी प्रश्नोत्तरं सोडू नका. कायदा आदर्श परिस्थिती सांगतो. प्रश्नोत्तरं मात्र लोक कशावरून भांडत होते ते सांगतात. त्या निवेदनात जे जे 'मागू नये' म्हटलंय, ते कोणीतरी मागत असणार, एवढं अनुमान काढायला हरकत नाही. तिथे म्हटलंय की बदल करू देण्यासाठी जादा विमा मागू नये. अमुकच ठेकेदाराकडून काम करून घ्या असा आग्रह धरू नये. आणि मंडळाला निव्वळ दिसण्यासाठी महागडं साहित्य हवं असेल, तर वरचा फरक मंडळाने भरावा. हे वाचून मी बाबांना फोन केला होता. आमच्या कठड्याला 'लॉबीला मॅच होणारं' स्टील हवं होतं कमिटीला, आणि फरक बाबांनी भरला होता.

त्याच निवेदनात एक काल्पनिक उदाहरण आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. चालण्याची अडचण असलेला एक घरमालक संघटनेला म्हणतो, मला छपरावरच्या लाकडी फळ्या काढून मातीची कौलं आणि फायबरग्लास बसवू द्या. आग लागली तर मला जास्त धोका आहे. उत्तर: संघटनेने परवानगी द्यायची गरज नाही. कारणं दोन. एक, सध्याचं छप्पर आगीपासून पुरेसं संरक्षण देत नाही याचा पुरावा नाही. दोन, त्याचं अपंगत्व आणि कौलं यांच्यातला संबंध, ज्याला ते 'नेक्सस' म्हणतात, त्याने दाखवलेला नाही.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे पुरावा मागणं मला पटतं. पण आता हेच छप्पर कॅलिफोर्नियात नेऊन बघा. तिथे देवदाराच्या लाकडी फळ्यांची छपरं श्रीमंती आणि निसर्गाची खूण समजली जात, आणि कितीतरी वस्त्यांच्या अटींत ती सक्तीची होती. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात जवळजवळ पाचशे घरं जळाली. पेटलेल्या फळ्या वाऱ्यावर उडून पुढच्या छपरावर पडत होत्या. २० ऑक्टोबर १९९१ रोजी ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा आला, त्यात २५ माणसं गेली आणि तीन हजारांहून जास्त घरं खाक झाली. त्यानंतर राज्याने छपरांचे नियम कडक केले. गंमत बघा, ते नियम 'आरोग्य आणि सुरक्षा संहिते'त आहेत. पुढे कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत कलम आलं की कुठलीही संघटना घरमालकाला त्या नियमाविरुद्ध छप्पर बसवायला लावू शकत नाही. आगीचा अतिधोका असलेल्या भागात तर अग्निरोधक छपराचा निदान एक प्रकार तरी तिने मान्य केलाच पाहिजे.

मागणी एकच होती, मला न पेटणारं छप्पर बसवू द्या. एका वाटेने नकार, दुसऱ्या वाटेने हक्क. पहिल्या वाटेवर अपवाद शरीराला जोडलेला आहे. तुम्ही अपंगत्व दाखवायचं, त्याचा आणि बदलाचा संबंध दाखवायचा, वर खर्चही तुमचा. दुसऱ्या वाटेवर अपवाद जागेला जोडलेला आहे. राज्याने धोक्याचा नकाशा केला, तुमचं घर त्या पट्ट्यात असलं की कोणी तुमचे गुडघे तपासत नाही. पण ही दुसरी वाट उघडायला आधी माणसं मरावी लागली.

उष्णतेचंही तेच झालं, आणि इथे माझा स्वतःचा विषय येतो. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागावर उष्णतेचा घुमट बसला. २८ जूनला पोर्टलंडमध्ये ११६ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ४६.७ अंश सेल्सिअस. आपल्या चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा मे महिन्यातला वाटेल, पण ते शहर थंड हवेचं, एसीची सवय नसलेलं. शहर ज्या मल्टनोमा काउंटीत आहे तिथे सत्तरच्या आसपास लोक गेले. बरेचसे वयस्कर, एकटे राहणारे, आणि बहुतेकांच्या घरात चालू स्थितीतला एसी नव्हता. खिडकीत एसी दिसू नये अशी अट कितीतरी भाडेकरारांत आणि संघटनांच्या नियमांत असते, कारण तेच, दर्शनी भाग. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, ओरेगनच्या विधिमंडळाने सिनेट बिल १५३६ मंजूर केलं. घरमालक असो की संघटना, सहज हलवता येणाऱ्या थंडाव्याच्या यंत्रावर सरसकट बंदी घालायची नाही. सुरक्षेच्या अटी घालता येतात. डॉक्टरचा दाखला मागत बसायचं नाही.

१९८८ आणि २०२२ चे हे दोन मजकूर मी शेजारी ठेवून वाचले तेव्हा माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण बदललं. आधी मी 'नियम' गोळा करत होते. आता 'अपवाद' गोळा करते. तुम्हालाही करून बघायला सांगेन. कुठलाही कायदा, उपविधी, वसतिगृहाची नियमावली घ्या आणि त्यातलं 'मात्र', 'परंतु', 'वगळता' शोधा. त्या शब्दाला तारीख लावा. मग त्याआधीची दोन-तीन वर्षं वर्तमानपत्रात बघा. बहुधा तिथे एखादी दुर्घटना सापडेल, नाहीतर ठिय्या. आणि पुरावा कोणी द्यायचा, बिल कोणी भरायचं, हे त्या वाक्याच्या शेपटात असतं. एक धोका मात्र सांगून ठेवते. अपवाद सापडला म्हणजे तो अमलात आला असं धरू नका. त्यासाठी तक्रारी, निकाल, समझोते वेगळे वाचावे लागतात आणि त्यात महिने जातात. माझे गेले.

आपल्याकडे आणून तुलना करायचा मोह होतो, पण ती थेट होत नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. निकोल्सच्या वस्त्यांचाच काळ. पण हिचं मूळ सहकारात, एक सभासद एक मत. तिथली संघटना जमिनीवरच्या अटी राखायला जन्माला आली, आपली सोसायटी जागा मिळवायला. तरीही आज आपल्या आदर्श उपविधींतही घरात फेरफार करायचा तर कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते. 'दर्शनी भाग' हा शब्द आपल्याकडे नेमका कधीपासून एवढा जड झाला, यावर कोणीतरी काम करायला हवं. साधन घरातच आहे: सोसायटीचं इतिवृत्ताचं पुस्तक. सभासद म्हणून ते बघायला मागता येतं.

आमच्या सोसायटीचं मी गेल्या दिवाळीत बघितलं. कठड्याचा अर्ज तीन सभांत आलाय. पहिल्या सभेत 'विचाराधीन', दुसऱ्या सभेत 'दर्शनी भाग', तिसऱ्या सभेत 'हरकत नाही, खर्च सभासदाचा'. दुसऱ्या आणि तिसऱ्या सभेच्या मधे काय बदललं हे लिहिलेलं नाही. मला ते माहीत आहे: सेक्रेटरी काका स्वतः त्या पायऱ्यांवर घसरले होते. इतिवृत्तात काकांचं पडणं नाही आणि आजीचे गुडघेही नाहीत, फक्त आमचा फ्लॅट नंबर आहे.